घोड्याआधी रिंगण, रिंगणाआधी निचरा

मार्गशीर्षात दत्तजयंती आली की शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. आधी एकमुखी दत्ताचे दर्शन घ्यायचे आणि मग घोडे पाहत हिंडायचे, हा खानदेशी माणसाचा जुना शिरस्ता. घेणारा दात बघतो, भोवरे बघतो, रेवाल चाल बघतो. न घेणाराही तेवढ्याच बारकाईने बघतो आणि किंमत ऐकून पुढे सरकतो. यात्रेला आता चेतक महोत्सवाची जोड मिळाली आहे. घोड्यांच्या शर्यती, नाचऱ्या घोड्यांच्या स्पर्धा होतात, लांबलांबचे हौशी लोक येतात.

या हौसेतूनच एक नवा प्रश्न गावोगाव येऊ लागला आहे. शहरातला एखादा माणूस गाडी घेऊन येतो, बांधावर उभा राहतो आणि म्हणतो, "भाऊ, दहा-बारा गुंठे द्या. घोडेस्वारीचे रिंगण करायचे आहे. वाळू टाकली की झाले काम." काही ठिकाणी शेतकऱ्याच्या मुलालाच वाटते, की कृषी पर्यटनाच्या जोडीला चार घोडे ठेवावेत आणि येणाऱ्या पोरांना फिरवावे. विचार वाईट नाही. पण "वाळू टाकली की झाले काम" हे वाक्य मात्र साफ खोटे आहे, आणि या वाक्याने शेतकऱ्याचा पैसा आणि जमीन दोन्ही अडकतात.

हौस त्याची, जमीन आपली

देशातले घोडे कमी होत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. २०१२ च्या मानाने ही घट ४५ टक्क्यांहून जास्त आहे. टांगे गेले, ओझ्याची तट्टे गेली. म्हणजे कामाचा घोडा संपत आला आणि हौसेचा घोडा उरला. या हौसेला अलीकडे प्रतिष्ठाही मिळाली आहे. २०२३ च्या सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धा झाल्या. तिथे घोड्याच्या शिस्तबद्ध चालीच्या सांघिक प्रकारात, ज्याला ड्रेसाज म्हणतात, भारताने सुवर्णपदक घेतले. घोडेस्वारीतले सोने १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आले. इकडे २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा शेतावर घोडा ठेवावा, असे एखाद्याला वाटले तर नवल नाही.

पण एक फरक ध्यानात घ्या. कामाचा घोडा रस्त्याने चालायचा, त्याला वेगळी जागा लागत नव्हती. हौसेच्या घोड्याला आखलेली, मऊ, सपाट जागा लागते. ही जागा आपल्या शेतात तयार होणार. धंदा चालला नाही, तर घोडा टेंपोत बसून निघून जातो. वाळू, मुरूम, खडी मात्र आपल्या शेतातच राहते. म्हणून हा हिशोब घोडेवाल्यापेक्षा जमीनवाल्याने जास्त बारकाईने करायला हवा.

माप किती?

स्पर्धेचे मोठे रिंगण २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब असते. शिकण्यासाठी २० बाय ४० मीटरचे पुरते. आपल्या भाषेत ६६ बाय १३१ फूट, म्हणजे जेमतेम आठ गुंठे. भोवती कुंपण, पाण्याचे चर, ट्रॅक्टर फिरायला वाट, असे सगळे धरले तर दहा-बारा गुंठे मोडतात.

घोडा दोरीवर फिरवून शिकवायचा असेल किंवा लहान मुलांना बसवायचे असेल, तर ६० फूट व्यासाचे गोल रिंगण चालते. त्याला अडीच गुंठ्यांच्या वर थोडीच जागा जाते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. अडीच गुंठ्यांत चूक झाली तर निस्तरता येते. आठ गुंठ्यांतली चूक वर्षानुवर्षे छळते.

लांब बाजू दक्षिण-उत्तर ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळ स्वाराच्या डोळ्यांवर सतत ऊन येत नाही. वरून विजेची तार जात असेल ती जागा घेऊ नये. नाल्याकाठची, बांधाखालची, पाणी साचणारी पडीक जागा "तशीही वाया जाते" म्हणून रिंगणाला देऊ नये. घोड्याला शेतातली उंचवट्याची जागा लागते, आणि तीच जागा बहुतेकदा घर, खळे किंवा गोठ्यासाठी आपण राखलेली असते. पहिला पेच इथे पडतो.

काळ्या मातीचा स्वभाव

तापीकाठची काळी माती कापसाला आणि केळीला चांगली, पण बांधकामाला बेइमान. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट वाळू टाकली तर पहिल्या पावसाळ्यात वाळू खाली आणि चिखल वर, असा प्रकार होतो. घोड्याचा पाय त्यात रुततो, शीर दुखावते, आणि पाय अधू झालेल्या घोड्याला बाजारात कोणी विचारत नाही.

म्हणून रिंगणाचे खरे काम जमिनीखालचे आहे. आधी वरचा काळा थर काढायचा. खाली मुरूम लागला तर उत्तम. माती खोल असेल तर सगळी काढणे परवडत नाही. तेव्हा फूटभर थर काढून, वर जाड जाळीदार कापड अंथरून, मुरमाचा भराव असा घ्यावा की रिंगण आजूबाजूच्या शेतापेक्षा फूट-दीड फूट उंच राहील. हे कापड पाणी खाली सोडते आणि माती वर येऊ देत नाही. त्याच्या जागी शेततळ्याचे उरलेले प्लास्टिक कोणी सुचवील. ते मुळीच घालू नका. प्लास्टिक पाणी अडवते आणि रिंगणाचेच शेततळे होते.

मुरूम थराथराने टाकावा, पाणी मारावे, रोलरने दबाई करावी. दबाई करतानाच उतार द्यावा. शंभराला एक, म्हणजे २० मीटर रुंदीत २० सेंटिमीटर, साधारण आठ इंच उतार पुरतो. डोळ्यांना तो दिसतही नाही, पण पाण्याला वाट सापडते. वरच्या अंगाला चर खणून शेतातून येणारे पाणी बाहेरच्या बाहेर वळवावे. खालच्या अंगाला दोन फूट खोल चर घेऊन त्यात भोके पाडलेला पाइप आणि दगड भरावेत. एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर आठ गुंठ्यांच्या रिंगणावर ८० हजार लिटर पाणी पडते. ते कुठे जाणार, याचे उत्तर आधी कागदावर काढा. शेजाऱ्याच्या शेतात सोडले तर बांधावरची भांडणे ठरलेली. शेततळ्यात सोडले तर उपयोगी पडते.

शंभर ब्रासचा हिशोब

आता मालाचा हिशोब पाहू. ६६ बाय १३१ फुटांच्या रिंगणाला सहा इंच मुरूम म्हटला तर ४३ ब्रास लागतो. त्यावर चार इंच खडी २९ ब्रास. वर चार इंच वाळू, पुन्हा २९ ब्रास. सारे मिळून शंभर ब्रास. दबाईत मुरूम बसतो, तेव्हा तो आणखी थोडा जास्तच धरावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल मावतो असे धरले, तर शंभरावर खेपा. त्या आपल्याच शिवाररस्त्याने येणार. रस्ता खचला तर दुरुस्ती कोणाची, हेही आधीच बोलून घ्यावे.

वाळू एकदम चार इंच टाकू नये. आधी दोन-अडीच इंच टाकावी, घोडे फिरवून बघावेत, मग गरजेप्रमाणे वाढवावी. वाढवणे सोपे, काढणे अवघड. फार खोल वाळूत घोड्याच्या पायाच्या शिरांवर ताण पडतो. कोणती वाळू, यालाही अर्थ आहे. नदीची अगदी गोल कणांची वाळू पायाखाली सरकते. थोडी टोकदार, धुतलेली, एकसारख्या कणांची वाळू घट्ट बसते. खडीक्रशरची वाळू चालते, पण न धुतलेली आणली तर धुरळा इतका उडतो की घोडाही खोकतो आणि माणूसही. नदीच्या वाळूवरचा भार कमी व्हावा म्हणून राज्याने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण आणले आहे. रिंगणासाठी तोच मार्ग बरा. रात्री नदीतून आणलेली वाळू स्वस्त वाटते, पण विनापरवाना गौण खनिज सापडले तर महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि वाहन जप्त होते. स्वतःच्या शेतातला मुरूम खणून दुसरीकडे न्यायचा तरी परवाना आणि स्वामित्वधन लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

या हिशोबात एक गोष्ट कोणी बोलत नाही. फूटभर काळी माती काढली तर तिचे ८६ ब्रास भरतात. ही माती कोणाची? ठेकेदार म्हणतो, "मी उचलून नेतो, तुम्हाला त्रास नको." नाना, त्रास नको म्हणून तुम्ही पिढ्यांची कमाई देऊन टाकता! ती माती शेताच्या कडेला ढीग करून ठेवा किंवा आपल्याच हलक्या रानात पसरा. उद्या रिंगण मोडायचे ठरले तर तीच माती परत लागेल. भाडेकरार करणार असाल तर "काढलेली माती जमीनमालकाची, आणि मुदत संपल्यावर वाळू-खडी काढून माती परत पसरून देणे भाडेकरूवर बंधनकारक" हे कलम लेखी घ्या. हे कलम ऐकून जो माणूस पाय मागे घेतो, त्याला जमीन न दिलेलीच बरी.

पाण्यापाशी घोडे पेंड खाते

निचरा झाला, वाळू झाली. आता उन्हाळा. कोरडी वाळू उडते आणि पायाखाली सैल होते. तिला ओल लागते. आठ गुंठ्यांवर पाच मिलिमीटर पाणी शिंपडायचे म्हटले तर चार हजार लिटर लागतात. एप्रिल-मे मधल्या खानदेशी उन्हात ते दिवसभरही टिकत नाही. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे रिंगणाचे एका दिवसाचे पाणी ७२ माणसांच्या वाट्याइतके होते. महिन्याचे सव्वा लाख लिटर. शिवाय घोडा रोज तीस-चाळीस लिटर पितो, तो वेगळा.

ज्या गावात चैत्रात हंडे घेऊन बाया रांगेत उभ्या असतात, तिथे शेजारी वाळूवर फवारे उडाले तर ते कोणाला बघवेल? भांडण घोड्याचे नसते, पाण्याचे असते. त्यामुळे उन्हाळ्यात रिंगण किती दिवस बंद ठेवायचे, हे सुरुवातीलाच ठरवावे. संध्याकाळी पाणी मारून फक्त पहाटे स्वारी ठेवली तर पाणी बरेच वाचते. गोल रिंगणाला एका वेळी १,३०० लिटरच लागतात, हेही लहान रिंगणाच्या बाजूचे एक कारण. धूळ बसावी म्हणून वाळूत मीठ मिसळण्याचा सल्ला कोणी देईल. शेतजमिनीत मीठ घालणे म्हणजे पुढच्या पिकाचा घात, तो सल्ला ऐकू नये.

रोजची निगा फार नाही, पण चुकवून चालत नाही. घोडे कडेकडेने फिरतात, तिथली वाळू आत सरकते. ती रोज दाताळ्याने परत कडेला ओढावी आणि वर हलकी फळी फिरवावी. वखर घालू नये, खालची खडी वर येते. लीद लगेच उचलावी. एका घोड्याची रोज पंधरा-वीस किलो लीद निघते, कुजवली तर खत उत्तम होते. वाळूवर चारा टाकू नये. चाऱ्याबरोबर वाळू पोटात गेली की घोड्याला पोटशूळ होतो. कुंपण चार-साडेचार फूट उंच, आतून गुळगुळीत असावे. काटेरी तार कधीच नको. फाटक बारा फुटांचे, बाहेर उघडणारे ठेवावे.

कागदी घोडे, पण खरे

सरकारी कामाला आपण "कागदी घोडे नाचवणे" म्हणतो. इथे मात्र खऱ्या घोड्याआधी हे कागदी घोडे नाचवावेच लागतात. नाही तर वरातीमागून घोडे अशी गत होते.

शेतजमीन धंद्यासाठी वापरायची तर महसूल संहिता १९६६ चे कलम ४२ आडवे येते. अकृषिक वापराच्या नियमांत गेल्या काही वर्षांत वरचेवर सुधारणा झाल्या आहेत. म्हणून चहाच्या टपरीवरच्या माहितीवर जाऊ नका. गट नंबर, क्षेत्र आणि वापर लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्या आणि लेखी उत्तर घ्या. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. "अकरा महिन्यांचा कागद करू, पुढे वाढवत जाऊ" ही युक्ती शंभर ब्रास माल टाकणाऱ्याच्या तोंडी आली तर सावध व्हा. एवढा खर्च करणारा अकरा महिन्यांत उठत नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची असो की नुसती भाड्याने द्यायची असो, कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. साध्या कागदावर अंगठा घेऊन झालेला व्यवहार कायद्यात टिकत नाही, पण तोवर जमिनीची माती निघून गेलेली असते.

ग्रामपंचायतीने काय करावे?

आता गावकारभाऱ्यांकडे वळू. "आपल्या यात्रेत घोडे येतात, मग गायरानावर कायमचे रिंगण बांधून टाकू" असा ठराव मांडायचा मोह होतो. पण गायरान चराईचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढायला सांगितले, आणि त्याआधारे राज्याने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. गाईम्हशींची चराई काढून घोड्यांच्या हौसेला देणे हे त्या निर्णयाच्या उलटे चालणे आहे. शिवाय यात्रा आठ-पंधरा दिवसांची. उरलेले साडेअकरा महिने त्या वाळूत बाभळी उगवणार.

यावर आपल्याच परंपरेत उत्तर आहे. आषाढी वारीत माळशिरस तालुक्यात सदाशिवनगर, खुडूस इथे माउलींच्या पालखीची गोल रिंगणे होतात. इंदापूर तालुक्यात बेलवडीला तुकोबांच्या पालखीचे रिंगण होते. हजारो वारकरी उभे असतात, मधून अश्व धावतात. तिथे कोणी कायमचे बांधकाम केलेले नसते. मोकळी जागा साफ करून, दगड वेचून, सपाट करून काम भागते. सोहळा संपला की जमीन पुन्हा मोकळी. यात्रेच्या गावांनीही असेच करावे. कापणी झालेले रान ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घ्यावे, दगड वेचावेत, रोलर फिरवावा, पाणी मारावे, बल्ल्या आणि दोर लावावेत. भाडे शेतकऱ्याला मिळेल आणि गायरान शाबूत राहील.

खासगी रिंगणाचा अर्ज आला तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले जुने ग्रामसेवक भाऊसाहेब, यांनी पाच गोष्टी विचाराव्यात. पावसाचे पाणी कुठे सोडणार? उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? वाळू-मुरमाचा परवाना कुठे आहे? लीद कुठे टाकणार? आणि बाहेरून येणाऱ्या घोड्यांची तपासणी कोण करणार? शेवटचा प्रश्न हलका नाही. घोड्यांचा ग्लँडर्स रोग माणसालाही होतो. त्यावर लस नाही, आणि बाधित घोडा सरकारी नियमाने मारावा लागतो. म्हणून पाहुण्या घोड्याचा हौद वेगळा, नवा घोडा काही आठवडे वेगळा, आणि रक्ताच्या तपासणीचा दाखला पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाहिलेला, एवढे तरी असावे. रिंगणात काम करणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वाताचे इंजेक्शन दिलेले असावे.

सांगायचे तात्पर्य असे, की घोड्याला आमचा विरोध नाही. ज्याच्याकडे उंचवट्याची मुरमाड जमीन आहे, विहिरीला वैशाखातही पाणी आहे आणि बारमाही येणारे गिऱ्हाईक आहे, त्याने जरूर रिंगण करावे. पण अडीच गुंठ्यांपासून करावे, आणि एक पावसाळा व एक उन्हाळा बघून मगच वाढवावे. ज्याच्याकडे या तिन्हींपैकी एकही नाही, त्याने गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला चहा पाजावा आणि हात जोडावेत.

बाकी पारख करायला फार थांबावे लागणार नाही. घोडामैदान जवळच आहे. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी रिंगणावर जाऊन उभे राहा. पाणी निघून गेलेले दिसले तर काम खरे. बेडूक ओरडताना ऐकू आले तर समजा, शंभर ब्रास मातीत गेले.